भूमिगतांचे गद्य आणि त्याचा वाचक

ज्या संघटनेचे अस्तित्वच मौनावर अवलंबून असते, तिच्या वाङ्मयाचा विचार कसा करावयाचा, हा प्रश्न आपल्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने हाती घेतलेला नाही. गुप्त मंडळात पाऊल टाकणाऱ्या तरुणाला पहिली शिकवण मिळते ती न लिहिण्याची. नाव लिहू नये, पत्ता लिहू नये, आलेले पत्र वाचून जाळून टाकावे. वाङ्मयाचा व्यवहार नेमका याच्या उलट. तेथे नाव हवे, स्थळ हवे, तपशील हवा आणि तो जपून ठेवणारा कागद हवा. तेव्हा भूमिगत चळवळीतून जे लेखन निर्माण होते ते या दोन विरुद्ध आज्ञांच्या कात्रीत सापडलेले असते. त्यातील गाळलेल्या जागा, टोपणनावे, अर्ध्यावर सोडलेली वाक्ये हे लेखकाच्या कौशल्याचे उणेपण नव्हे. तो त्या वाङ्मयप्रकाराचा स्वभावच होय.

परंतु आपण या लेखनाकडे दोनच दृष्टींनी पाहत आलो. एक चरित्राची दृष्टी. तिला हुतात्म्याचे जीवन हवे असते आणि पुस्तक हे त्या जीवनाचे केवळ साधन वाटते. दुसरी कलेची दृष्टी. ती रचना, शैली, व्यक्तिरेखा यांचे माप लावते, माप अपुरे पडले की ‘ऐतिहासिक महत्त्वाचे’ असा शेरा मारून पुस्तक बाजूला ठेवते. पहिलीला शब्द दिसत नाहीत, दुसरीला शब्दांची किंमत काय मोजली गेली ते दिसत नाही. या लेखात तिसरी एक कसोटी सुचवावयाची आहे. भूमिगत लेखनाचे स्वरूप मुख्यतः त्याच्या कल्पित वाचकावरून ठरते. हे कोणी वाचावे म्हणून लिहिले, शत्रूने, सहकाऱ्याने की अद्याप न जन्मलेल्या कोणी, हा प्रश्न आधी विचारावा आणि मग गुणदोष पाहावेत. या कसोटीसाठी दोन क्षेत्रे निवडली आहेत. एक आपल्या घरचे, काशीतील तरुणांच्या गुप्त मंडळांचे. दुसरे पोलंड व लिथुएनियातील ज्यू युवक-संघटनांचे, ज्यांनी १९४१ ते १९४३ या काळात नाझी संहाराविरुद्ध शस्त्र उचलले. ही दोन क्षेत्रे समान नाहीत. त्यांच्यातील भेदच पुढील विवेचनाचा गाभा आहे.

काशीपासून आरंभ करू. पंचगंगेच्या उत्तरेस दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट हे लागून आहेत. अठराव्या शतकातील नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव या घाटांच्या उभारणीशी जोडले जाते, आणि पेशवाईच्या काळापासून या गल्ल्यांतून मराठी वस्ती रुजली. वेदपाठशाळा, अन्नछत्रे, वाडे आणि माधुकरी मागणारे विद्यार्थी असे तिचे रूप होते. परंतु केवळ क्षेत्रवास म्हणून तिच्याकडे पाहणे अपुरे ठरेल. टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक झालेला गणेशोत्सव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथेही पोहोचला, आणि काशीतील मराठी तरुणांना एकत्र येण्याचे एक उघड निमित्त मिळाले. १९०५ साली गोखल्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन काशीतच भरले. गंगेकाठी पाठांतर करणाऱ्या मुलाच्या कानावर आता वेदमंत्रांबरोबर वंगभंगाची वार्ताही पडत होती. बंगाल, महाराष्ट्र आणि हिंदुस्थानी प्रांत यांची तरुण मने जेथे नित्य एकमेकांना भेटत, अशी नगरे देशात थोडी होती. काशी त्यांतील एक होती.

१९०८ साली शचींद्रनाथ सान्याल या शाळकरी तरुणाने काशीत अनुशीलन समितीची शाखा काढली. ढाक्याच्या समितीवर सरकारचा रोख वळताच तिचे नाव बदलून ‘यंग मेन्स असोसिएशन’ असे निरुपद्रवी नाव घेण्यात आले. ही दोन नावे एखाद्या समीक्षकाच्या नजरेने पाहण्याजोगी आहेत. ‘अनुशीलन’ या शब्दात देह, बुद्धी आणि चित्त यांच्या संस्काराची कल्पना आहे. ध्येय आतून बाहेर जाणारे आहे. दुसरे नाव केवळ मुखवटा आहे, त्यात अर्थ नसणे हाच त्याचा अर्थ. व्यायाम, वाचन, गीतेचे विवरण यांपासून निघालेला मार्ग बॉम्बपर्यंत पोहोचला. या मार्गाचे पहिले सलग कथन कोणी लिहिले, तर ते शत्रूने. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या रौलट समितीच्या अहवालात काशीच्या मंडळाची हकीकत आली आहे. कालीपूजेत पांढऱ्या भोपळ्याचा बळी देत आणि त्यात गोऱ्या सत्तेच्या बळीचा संकेत मानीत, असा तपशील तेथे सापडतो. प्रतीकाचा अर्थ लावण्याचे काम येथे टीकाकाराने नव्हे तर सरकारी समितीने केले आहे. पारतंत्र्यातील वाङ्मयाचा सर्वांत दक्ष वाचक अनेकदा पोलीस असतो, या कटू सत्याचे हे उत्तम उदाहरण होय.

याच अहवालात दोन मराठी नावे येतात. एक विष्णु गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेऱ्याचे. ते अमेरिकेतून गदर पक्षाच्या लोकांबरोबर १९१४ च्या अखेरीस परतले आणि काशीत रासबिहारी बोसांना येऊन मिळाले. २१ फेब्रुवारी १९१५ हा उठावाचा ठरलेला दिवस फितुरीमुळे हुकला. २३ मार्च रोजी मीरतच्या घोडदळाच्या छावणीत पिंगळे दहा बॉम्बसह पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह त्यांना फाशी झाली. दुसरे नाव विनायकराव कापले यांचे. पंजाबात बॉम्ब पोहोचविण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे ते फरारी झाले, १९१८ साली लखनौत त्यांच्यावर गोळी झाडून त्यांचा खून झाला आणि त्या प्रकरणी काशीच्याच क्रांतिकारक वर्तुळातील सुशीलचंद्र लाहिरी फासावर गेले. पिंगळ्यांना आपल्या स्मरणात स्थान मिळाले. शत्रूच्या हातून आलेल्या मृत्यूला चरित्रकार भेटतो. वर्तुळाच्या आतून आलेल्या मृत्यूला मात्र तो भेटत नाही. त्यामुळे कापल्यांचे नाव मुख्यतः सरकारी कागदातच राहिले. या भेदाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

त्याआधी भाषेचा प्रश्न घेतला पाहिजे, कारण मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. सखाराम गणेश देउस्कर हे देवघरजवळ वाढलेले मराठी गृहस्थ. ‘देशेर कथा’ हा त्यांचा १९०४ सालचा ग्रंथ बंगालीत लिहिला गेला, स्वदेशीच्या काळात हजारो तरुणांच्या हाती गेला आणि १९१० साली सरकारजमा झाला. त्यांचे भाचे बाबूराव विष्णु पराडकर काशीत १८८३ साली जन्मले. त्यांनी या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला. कलकत्त्यास पत्रकारिता करीत असता क्रांतिकारकांशी आलेल्या संबंधांमुळे १९१६ ते १९२० त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली, आणि त्यानंतर काशीच्या ‘आज’मधून त्यांनी हिंदी गद्याला वळण लावले. १९३० च्या कायदेभंगात वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली तेव्हा काशीत ‘रणभेरी’ हे गुप्त पत्र निघू लागले. त्यामागेही पराडकरांची लेखणी होती. तिसरे नाव रामकृष्ण खत्री यांचे. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचा हा तरुण काशीत उदासीन संप्रदायाचा साधू होता. तेथे चंद्रशेखर आझादांशी गाठ पडली, काकोरी खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढे त्यांनी ‘शहीदों की छाया में’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले, तेही हिंदीत.

म्हणजे मातृभाषा मराठी, पण प्रतिकाराची भाषा बंगाली किंवा हिंदी. आपला वाङ्मयेतिहास लेखनाच्या भाषेची सीमा हीच आपली सीमा मानतो. त्यामुळे ही सारी परंपरा मराठीने गमावली, आणि हिंदीने तिची मराठी पार्श्वभूमी फारशी न विचारता ती स्वीकारली. यात हिंदीचा दोष नाही. परंतु ज्या घाटांवर घरात मराठी, पाठशाळेत संस्कृत, बाजारात हिंदी आणि गुप्त बैठकीत बंगाली असा चार भाषांचा संसार चालत होता, तेथील लेखनाचा विचार एका भाषेच्या चौकटीत कसा व्हावा? देउस्करांनी बंगाली निवडली, पराडकर-खत्रींनी हिंदी निवडली, ती सोय म्हणून नव्हे. ती वाचकाची निवड होती. ज्याला जागे करावयाचे त्याची भाषा लेखकाने घेतली.

आता दुसऱ्या क्षेत्राकडे वळू. कोकणातील बेने इस्रायल समाजाची मातृभाषाच मराठी असल्यामुळे ज्यू हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. परंतु आपल्या अनुभवातील ज्यू हा शेजारी आहे, शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली आहे. पूर्व युरोपातील ज्यू तरुणाचे जग आपण स्वतंत्रपणे समजून घ्यावयास हवे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर तेथे युवक-संघटनांचे जाळे उभे राहिले. हाशोमेर हात्झाइर म्हणजे तरुण रक्षक. ड्रोर म्हणजे मुक्ती. त्सुकुन्फ्ट म्हणजे भविष्यकाळ, ही बुंद या समाजवादी पक्षाची युवक-शाखा. अकिवा हे रोमनांच्या हातून मृत्यू पत्करलेल्या प्राचीन धर्मगुरूचे नाव. बेतार हे रोमनांविरुद्ध लढता लढता पडलेल्या शेवटच्या किल्ल्याचे. त्यांचे आपसातील मतभेद तीव्र होते. कोणाला पॅलेस्टाइनात शेती करावयाची होती, कोणाला पोलंडमध्येच समाजवाद आणावयाचा होता. पण शिबिरे, गाणी, वाचन, कठोर आत्मपरीक्षण आणि वडीलधाऱ्यांपेक्षा वेगळे जगण्याचा निर्धार हे सर्वांत समान होते. अनुशीलन समितीचा इतिहास वाचलेल्याला ही वर्णने ओळखीची वाटतील. ही मंडळे युद्धासाठी जन्मली नव्हती. ती मनुष्य घडविण्यासाठी जन्मली होती. म्हणूनच संकटकाळी परस्परांवरील विश्वासाचे भांडवल त्यांच्यापाशी तयार होते. शस्त्र मागाहून आले. अभ्यासमंडळ आधी होते.

येथवर साम्य. यापुढे मात्र वाट फुटते. काशीच्या तरुणाला मृत्यू संभवनीय होता, पण त्याच्या मरणानंतर देश उरणार होता. भाषा, कुटुंब, घाट, गंगा, सारे उरणार होते, आणि कधीतरी स्वातंत्र्य येणार होते. व्हिल्नाच्या किंवा वॉर्साच्या तरुणाला हे आश्वासन नव्हते. १९४१ च्या उत्तरार्धात व्हिल्नाचे बहुसंख्य ज्यू पोनारीच्या जंगलातील खड्ड्यांत मारले गेले. त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री आब्बा कोव्हनर या हाशोमेर हात्झाइरच्या तरुण कवीने लिहिलेले आवाहन युवक-संघटनांच्या बैठकीत यिडिश आणि हिब्रू अशा दोन भाषांत वाचले गेले. युरोपातील सर्व ज्यूंचा समूळ नाश हा हिटलरचा हेतू आहे, हे त्यात स्पष्ट सांगितले होते. तीन आठवड्यांत, २१ जानेवारी १९४२ रोजी, तेथे संयुक्त लढाऊ संघटना स्थापन झाली. वॉर्सात २२ जुलै १९४२ पासून काही आठवड्यांत अडीच लाखांहून अधिक लोक ट्रेब्लिंकास नेले गेले. त्या धुमाळीतच २८ जुलै रोजी ड्रोर, हाशोमेर हात्झाइर आणि अकिवा यांच्या तरुणांनी लढाऊ संघटना उभारली. पुढे बुंद व इतर गट तिला मिळाले, तर बेतारच्या तरुणांनी वेगळी संघटना ठेवली. १९ एप्रिल १९४३ रोजी उठाव सुरू झाला तेव्हा चोवीस वर्षांच्या मॉर्देखाय आनिएलेविचच्या हाताखाली सुमारे पाचशे लढवय्ये होते, बहुतेक विशीच्या आसपासचे. ८ मे रोजी मिला रस्त्यावरील तळघरात तो मरण पावला. विजयाची आशा त्यांच्यापैकी कोणी धरली नव्हती.

या भेदाचा वाङ्मयावर काय परिणाम होतो? येथे आपली कसोटी उपयोगी पडते.

पहिला वाचक शत्रू. आपल्या क्रांतिकारक वाङ्मयात न्यायालयातील निवेदनाला मोठे स्थान आहे. दामोदर हरि चापेकरांचे १८९७ साली तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त सरकारी दप्तराच्या स्वाधीन झाले. १९२९ सालचे भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांचे निवेदन न्यायाधीशासमोर झाले, पण त्याचा खरा श्रोता देश होता. या प्रकाराला एक अट लागते. शत्रूपाशी न्यायालय असावे लागते, निदान न्यायाचे सोंग तरी असावे लागते. आरोपी उभा राहतो, त्याचे म्हणणे लिहून घेतले जाते, वृत्तपत्रे ते छापतात. वक्तृत्वाला व्यासपीठ शत्रूच पुरवितो. वॉर्साच्या तरुणापुढे असे कोणतेही व्यासपीठ नव्हते. ज्याला मारावयाचे त्याचा जबाब घेण्याची नाझी व्यवस्थेला गरज वाटत नव्हती. म्हणून त्या वाङ्मयात निवेदन हा प्रकार जवळजवळ नाही. एखादा वाङ्मयप्रकार का आढळत नाही याचे कारण कधी कधी इतके भयंकर असते.

दुसरा वाचक सहकारी. त्याच्यासाठी पत्रक असते, गुप्त नियतकालिक असते. १९२५ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात वाटले गेलेले सान्यालांचे ‘क्रांतिकारी’ हे पत्रक ‘विजयकुमार’ या कल्पित नावाने निघाले. ते नावच आशेचे आहे. व्हिल्नाच्या आवाहनात आशेला जागा नव्हती, म्हणून त्याने लज्जेला हाक दिली. कत्तलीस निघालेल्या मेंढरांची जुन्या धर्मग्रंथांतील उपमा तेथे तरुणांना चेतविण्यासाठी योजली गेली. पुढे ती संदर्भावेगळी होऊन, प्रतिकार न करता मेलेल्या लाखोंवरचा आरोप बनली. पत्रकातील प्रतिमा त्या रात्रीच्या श्रोत्यासाठी असते. ती इतिहासाच्या हाती पडली की निकालपत्राचे रूप घेते. समीक्षकाचे काम अशा प्रतिमेला तिच्या श्रोत्याकडे परत नेण्याचे आहे.

सान्यालांचे ‘बंदी जीवन’ हेही मूलतः सहकाऱ्यासाठीच लिहिलेले पुस्तक होय. अंदमानातून १९२० साली सुटल्यावर त्यांनी ते बंगालीत लिहिले. हिंदीतून ते नव्या पिढीचे जणू पाठ्यपुस्तक बनले. त्याचे वैशिष्ट्य असे की त्याचे नाव कारावासाचे असले तरी त्याचा जीव कारावासापूर्वीच्या संघटनेत आहे. पिंगळे, कर्तारसिंग, रासबिहारी यांची चित्रे त्यात येतात, ती पूजेसाठी नव्हेत. बेत कोठे फसला, विश्वास कोठे चुकला, पुढच्याने काय टाळावे, हे सांगण्यासाठी ती येतात. लेखकाला पुढचा डाव खेळावयाचा आहे, आणि १९२५ नंतर तो पुन्हा शिक्षेस पात्र झाला यावरून ते सिद्धच झाले. याच्या शेजारी सावरकरांची १९२७ सालची ‘माझी जन्मठेप’ ठेवून पाहावी. तिची भाषा अधिक समर्थ, तिचे आवाहन अधिक विस्तृत. पण ती डोंगरीच्या तुरुंगापासून सुरू होते, म्हणजे गुप्त मंडळाचे जीवन संपते तेथून. मराठीतील कारागृह-वाङ्मय समृद्ध झाले, भूमिगत-वाङ्मय मात्र क्षीण राहिले, याचे बीज या आरंभबिंदूच्या निवडीत शोधता येईल. तुरुंगात ‘मी’ असतो, भूमिगत अवस्थेत ‘आम्ही’ असतो, आणि आपल्या गद्याला ‘मी’ची सवय अधिक लवकर लागली.

तिसरा वाचक अजून न जन्मलेला. या वाचकासाठी लिहिण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांचे गद्य निराळेच होते. इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने वॉर्साच्या घेट्टोत एक गुप्त दप्तर उभारले. त्यात निबंध होते, प्रश्नावल्या होत्या, शाळकरी मुलांच्या वह्या, ट्रामची तिकिटे, गोळ्यांचे कागद, भिंतीवरची जाहिरातपत्रके होती. युवक-संघटनांचे निरोपे, त्यांत अनेक तरुण मुली, दुसऱ्या शहरांतील कत्तलींच्या वार्ता आणीत, त्याही तेथे नोंदल्या जात. ऑगस्ट १९४२ मध्ये पत्र्याच्या पेट्यांतून आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन किटल्यांतून हे कागद पुरले गेले. पहिला भाग पुरणाऱ्यांत डेव्हिड ग्राबेर हा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याने आपले छोटेसे मृत्युपत्रही त्याच पेटीत ठेवले. पहिला भाग १९४६ साली, दुसरा १९५० साली भग्नावशेषांखालून निघाला. तिसरा सापडला नाही. ज्या पन्नास-साठ जणांनी हे दप्तर जमविले, त्यांतील तीनच युद्धानंतर जिवंत होते. काशीच्या मंडळाची गोष्ट शत्रूने लिहिली, आपली गोष्ट शत्रूने लिहू नये म्हणून वॉर्साच्या तरुणांनी जमिनीत कागद पेरले. दोहोंतील फरक धैर्याचा नाही. एकाला आपल्या मागे लोक राहतील याची खात्री होती, दुसऱ्याला ती नव्हती. ज्याच्या मागे लोक राहणार नाहीत त्याला कागदावरच विसंबावे लागते.

या तिसऱ्या प्रकारातील सर्वांत विलक्षण पुस्तक क्राकोव्हचे आहे. गुस्ता डेव्हिडसन-द्रेंगर ही अकिवा संघटनेची कार्यकर्ती. संघटनेच्या लोकांनी इतरांसह २२ डिसेंबर १९४२ रोजी जर्मन अधिकाऱ्यांच्या उपाहारगृहावर हल्ला केला, त्यानंतर धरपकड झाली. पती पकडला गेला तेव्हा आधी ठरल्याप्रमाणे तिने स्वतःला स्वाधीन केले. १९४३ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात तुरुंगातील कोठडीत, शौचाच्या कागदांच्या तुकड्यांवर, तिने आपल्या मंडळाची हकीकत पोलिश भाषेत लिहिली. कोठडीतल्या सोबतिणी आडोसा करीत, नकला उतरून घेत. ती पुढे निसटली, पुन्हा काम करू लागली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पुन्हा पकडली जाऊन मारली गेली. वीसपैकी पंधरा प्रकरणे उरली व १९४६ साली छापली गेली.

या पुस्तकात लेखिका स्वतःला ‘मी’ म्हणत नाही. ‘युस्तिना’ या टोपणनावाने ती तृतीयपुरुषात वावरते. यात गुप्ततेची गरज आहे हे उघड. पण परिणाम केवळ तेवढा नाही. आपल्याला मृत मानून ती आपल्याकडे पाहू शकते. ज्या मंडळाला सौम्य संस्कार, साहित्य आणि शब्बाथची गाणी यांची आवड, त्याला पिस्तूल हाती घेताना आपण या कामासाठी घडलोच नाही याची जी बोचणी लागते, ती तिने लपविली नाही. तिची भाषा ठिकठिकाणी भावविवश होते, वाक्ये अलंकारांनी जड होतात. शुद्ध कलेची कसोटी लावणारा येथे गुण कापील. परंतु हे गद्य कोणासाठी आहे याचा विचार करता त्या जडपणाचा अर्थ बदलतो. ही प्रेमाने केलेली यादी आहे. प्रत्येक सोबत्याला एकेक विशेषण जास्त मिळते, कारण त्याला दुसरे स्मारक मिळणार नाही हे लेखिकेला ठाऊक आहे.

आता कापल्यांकडे परत येऊ. भूमिगत-वाङ्मयाची खरी परीक्षा वीरमरणाच्या वर्णनात होत नाही. ज्यांचे मरण वीराचे नव्हे त्यांना ते कोठे ठेवते, यात होते. मारेक एडेलमन हा वॉर्साच्या उठावातील बुंदचा सेनानी, संघटनेच्या नेत्यांपैकी जगलेल्या अगदी थोड्यांतील एक. हाना क्राल या लेखिकेने त्याच्याशी केलेल्या संवादांचे पुस्तक १९७७ साली पोलिश भाषेत निघाले. त्यात त्याने हाच प्रश्न धसास लावला. हाती बंदूक घेऊन मरणाऱ्याचे मरण, मुलाचा हात धरून गाडीत चढणाऱ्या आईच्या मरणाहून अधिक प्रतिष्ठित कसे, असा त्याचा आशय आहे. स्वतः बंदूक हाती घेतलेल्याने हे विचारावे, यात त्या प्रश्नाचे वजन आहे. त्याने स्वतःच्या पुतळ्याचा चौथरा काढून घेतला, आणि तसे करून आपल्या मृत सोबत्यांना लाखो इतर मृतांच्या शेजारी परत नेऊन बसविले.

आपल्याकडे या जातीचे लेखन अगदीच नाही असे नव्हे. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ गाडी अडवली गेली तेव्हा अहमद अली नावाचा एक उतारू गोळी लागून मेला. ती गोळी काशीच्या मन्मथनाथ गुप्त यांच्या हातून चुकून सुटली होती. अल्पवयामुळे फाशीऐवजी चौदा वर्षांची शिक्षा झालेल्या या लेखकाने क्रांतिकारक चळवळीचा इतिहास लिहिण्यात आयुष्य घालविले आणि उतारवयात त्या मृत्यूचे दायित्व जाहीरपणे स्वीकारले. काकोरीच्या चार हुतात्म्यांची नावे प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहेत. त्या उतारूचे नाव ठाऊक असण्यासाठी मात्र त्या प्रसंगातील एका माणसाची सद्सद्विवेकबुद्धी जागी राहावी लागली. शिव वर्मांनी राजगुरूंचे जे स्मृतिचित्र रेखाटले तेही या दृष्टीने मोलाचे. काशीत संस्कृत शिकावयास आलेल्या खेडच्या या तरुणाची अनावर झोप, भगतसिंगांशी असलेली बालसुलभ स्पर्धा, मरणात आपला नंबर आधी लागावा ही घाई, हे सारे तेथे येते. बावीस वर्षांचा मुलगा त्यात दिसतो. आपल्या मराठी चरित्रांतून बहुधा केवळ हुतात्मा दिसतो. राजगुरूंनी स्वतः मागे लेखन ठेवले नाही. म्हणून त्यांचे चित्र सर्वस्वी इतरांच्या लेखणीवर अवलंबून आहे, आणि त्या लेखणीने त्यांना झोपू द्यावे की नाही हा वाङ्मयीन नव्हे तर नैतिक निर्णय ठरतो.

यावर कोणी म्हणेल, अशा तपशिलांनी स्मृती मलिन होते. कापल्यांसारख्या प्रकरणांत तर मंडळाच्या पवित्र प्रतिमेलाच तडा जातो. हा आक्षेप वाङ्मयाच्या कार्याविषयीच्या गैरसमजातून येतो. प्रतिमा जपण्याचे काम उत्सव करतात आणि ते त्यांनी करावे. गद्याचे काम निराळे आहे. संशयाच्या वातावरणात, सतत पाठलागाखाली, पैसा आणि शस्त्रे यांच्या टंचाईत एकमेकांवर विश्वास ठेवणे किती कठीण होते, हे कळल्यावाचून तो विश्वास टिकविणाऱ्यांची थोरवी कळत नाही. व्हिल्नाच्या संघटनेचा पहिला सेनापती इट्झिक व्हिटेनबर्ग याला जुलै १९४३ मध्ये, सारे घेट्टो नष्ट करण्याच्या धमकीमुळे, स्वतःला जर्मनांच्या स्वाधीन करावे लागले. हा प्रसंग त्या परंपरेने लपविला नाही. त्याच्या सोबत्यांच्या लेखनात तो जखमेसारखा उघडा आहे. म्हणूनच त्या लेखनातील इतर गोष्टींवर आपला विश्वास बसतो.

तेव्हा आपल्या वाङ्मयेतिहासापुढे दोन कामे आहेत असे मला वाटते. पहिले, मराठी माणसांनी इतर भाषांत केलेल्या या लेखनाकडे मराठीच्या अंगानेही पाहण्याचे. देउस्करांचा बंगाली ग्रंथ, पराडकरांची हिंदी पत्रकारिता, खत्रींच्या आठवणी यांचा एकत्र अभ्यास झाला तर ब्रह्मा घाट हे मराठी वाङ्मयाच्या नकाशावरचे तीर्थक्षेत्र न राहता एक विचारकेंद्र म्हणून दिसू लागेल. दुसरे काम अधिक अवघड आहे. या लेखनाचे मोल ठरविताना हौतात्म्याचे वजन तराजूत न घालता, त्याच्या कल्पित वाचकाशी ते किती प्रामाणिक राहिले हे पाहण्याचे. सान्यालांचा वाचक पुढचा क्रांतिकारक होता. त्याला त्यांनी पराभवाची कारणे सांगितली. युस्तिनाचा वाचक अनोळखी होता. त्याला तिने आपल्या सोबत्यांची नावे आणि त्यांचे स्वभाव सोपविले. एकोणीस वर्षांच्या ग्राबेरचा वाचक तर ती पेटी उघडणारा, त्याने कधीही न पाहिलेला हात होता.

तो हात आता आपला आहे, आणि काशीच्या गल्ल्यांतून गेलेल्या त्या मराठी तरुणांच्या बाबतीतही आपलाच आहे. त्यांच्यापैकी ज्यांनी लिहिले त्यांना परभाषेत गाठावे लागेल, ज्यांनी लिहिले नाही त्यांना सोबत्यांच्या आठवणींत, आणि विनायकराव कापल्यांसारख्यांना शत्रूच्या अहवालातील ओळींमधून सोडवून आणावे लागेल. हे काम चरित्रकाराचे आहे असे म्हणून समीक्षकाला बाजूला होता येणार नाही, कारण शत्रूने लिहिलेले वाक्य उलटे वाचण्याची विद्या त्याचीच आहे.